उजवीकडचा टवका

झेरॉक्सवाल्याने ट्रेसिंग उलटं ठेवलं, एवढंच झालं. दुकानात माझ्यापुढे दोघं, मागे चौघं, मशीन तापून वास मारतंय, आणि हा गडी फोन खांद्यात दाबून कुणाशी तरी भांडत भांडत कागद लावतोय. प्रत बाहेर आली तशी त्याने स्वतःच जीभ चावली. "ताई, उलटी आली बघा. द्या ती, दुसरी काढतो." मी प्रत हातात घेऊन पाहिली आणि म्हटलं, "कुठे उलटी आलीय? बरोबर तर आहे." त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की म्हातारीला चष्मा बदलायला हवा. मग कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "आणि हा आकडा?" कोपऱ्यात मी पेन्सिलने चित्राचा क्रमांक घातला होता, सात. तो सात उलटा होता. बाकी सगळं सुलट होतं. सहा खांब, मधला दरवाजा, वर हंसांची रांग, डावीकडे अकरा, उजवीकडे अकरा, सगळे दरवाज्याकडे तोंड करून. मी मूळ ट्रेसिंग त्या प्रतीवर ठेवलं, दोन्ही काचेच्या दाराला लावून उजेडात धरलं. रेघेवर रेघ बसली. हंसावर हंस बसला. डावीकडच्या तिसऱ्या खांबाच्या पायथ्याशी दगडाचा एक तीनकोनी टवका उडालेला आहे, तोसुद्धा बसला, कारण उजवीकडच्या तिसऱ्या खांबालाही अगदी तस्साच टवका होता. मागचा एक जण म्हणाला, "मावशी, जरा बाजूला होता का?" मी बाजूला झाले. छातीत धडधडायला लागलं होतं, आणि ते जिना चढल्यामुळे होतं असं मी स्वतःला सांगत होते. दुकान तळमजल्यावर आहे.

दोन खांबांना एकाच जागी, एकाच मापाचा, एकाच आकाराचा टवका उडत नाही. हे कळायला विद्यापीठात जावं लागत नाही. मी पाणीपुरवठा खात्याच्या नकाशाघरात एकतीस वर्षं ट्रेसर होते. टाक्या, पंपघरं, नळांच्या जाळ्या, सगळं शाईने उतरवून काढायचं. इमारत दोन्ही बाजूंनी सारखी असली की आम्ही अर्धीच काढायचो, मग ट्रेसिंग पालथं घालून दुसरी अर्धी त्याच्यावरून गिरवायची. आमच्याकडे त्याला आरसा मारणे म्हणायचे. "झालं का गं?" "झालं, आरसा मारला की देते." रोजचं बोलणं. तर प्रबंधासाठी मी पुस्तकातून उतरवून घेतलेलं हे चित्र, जे प्राचीन वास्तुकलेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, ज्याच्यावर आमच्या सरांनी आख्खं पुस्तक लिहिलंय, परीक्षेला दर वर्षी पंधरा गुणांना येतं, ते कुणीतरी आरसा मारून पुरं केलेलं होतं. आणि तो कुणीतरी म्हणजे माझे वडील.

हे आधी सांगायला हवं होतं. बाबा पुराणवस्तू खात्यात नकाशे काढायचे. ऑफिसात त्यांना ओळंबा म्हणत, कारण बसताना पाठ टेकवत नसत आणि रेघ चुकली तर स्वतःवरच चिडत. नाकासमोर चालणारा माणूस. डोंगरात कोरलेल्या त्या थडग्याच्या दर्शनी भागाचं हे चित्र त्यांनी काढलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. छापलं गेलं ते तेव्हाच्या संचालकांच्या नावाने. आमच्या घरी त्याची एक छापील प्रत चौकटीत लावलेली होती आणि पाहुणा आला की आई म्हणायची, "हे ह्यांनी काढलंय," आणि पाहुणा खालचं नाव वाचून "हो का" म्हणायचा. तो "हो का" मला अजून ऐकू येतो. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत बसायचे आणि पेपरचं पान उलटायचा आवाज जरा मोठा व्हायचा. निवृत्त झाल्यावर मी एम.ए.ला नाव घातलं ते ह्या एका चौकटीपायी, दुसरं काही नाही. लग्न केलं नाही, त्याची चर्चा नको. वेळ होता, डोळे बरे होते, आणि साठीच्या बाईने प्राचीन कला शिकावी ह्याचं जगाला हसू येत होतं, म्हणून तर अजूनच जोर आला. वर्गात पोरी मला मावशी म्हणतात. एकीने पहिल्याच दिवशी विचारलं, "मावशी, तुम्ही कुणाला सोडायला आलात?" मी म्हटलं, "तुला."

घरी येऊन मी ते ट्रेसिंग जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि तिथे बसून राहिले. मला एक रविवार आठवत होता, तो मला आयुष्यभर आठवत आलाय आणि मी तो पन्नास जणांना सांगितलाय, गोड आठवण म्हणून. सकाळची वेळ, आमची पूर्वेची खिडकी, बाबांनी काचेवर कागद लावलाय. मी स्टुलावर उभी राहून खालची दोन टोकं धरलीयेत. कागदावर अर्धंच देऊळ आहे. मी त्याला देऊळच म्हणायचे, थडगं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मग बाबांनी कागद काढला, पालथा घातला, पुन्हा लावला आणि वर दुसरा कागद चढवून गिरवायला लागले, आणि दुपारपर्यंत अर्ध्याचं आख्खं झालं. मला ती जादू वाटली होती. मी टाळ्या वाजवल्या होत्या. बाबा हसले नव्हते. त्या दिवशी ते माझ्यावर ओरडलेसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुतेक शेवटचं. कागदावर कुठेतरी एक डाग दिसत होता, मला वाटलं शाई सांडली, म्हणून त्यांचं ब्लेड घेऊन मी तो खरवडायला गेले, ते करताना मी त्यांना पुष्कळदा पाहिलं होतं. तर माझं मनगट धरून ते केवढ्यांदा तरी ओरडले, "हात लावू नकोस! राहू दे तो!" आई स्वयंपाकघरातून धावत आली. मी रडले. सांगताना मी हे रडणं गाळत असे, जादू तेवढी ठेवत असे. पन्नास जणांना ती गोष्ट आवडली होती आणि त्यात एकालाही, मलाही, कळलं नाही की मी एका लबाडीची साक्षीदार आहे. लबाडी हा शब्द मनात आला आणि मला इतका राग आला की मी उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी बस पकडून मी त्या डोंगरावर गेले. अडीच तास, त्यातला शेवटचा अर्धा तास चालत. ह्यापूर्वी दोनदा गेले होते, वर्गाबरोबर, पण तेव्हा उजवी बाजू दिसत नव्हती. कडा ढासळू नये म्हणून तिथे विटांची टेकभिंत बांधलेली होती, कधीची कोण जाणे, बाबांच्याही आधीची. ती गेल्या वर्षी पाडली आणि कड्याला वरून लोखंडी पट्ट्यांनी बांधलं, हे वर्तमानपत्रात आलं होतं चार ओळींत. कुंपण अजून होतं. राखणदार म्हणाला, "बाई, आत जायचं नाही." मी विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं. त्याने फोटो बघितला, मला बघितलं, म्हणाला, "ह्या वयात?" मी म्हटलं, "तुमची परवानगी वयावर असते का कागदावर?" हसला आणि कडी काढली. त्या माणसाचं भलं होवो.

टेप, शिसपेन्सिल, पाठीमागे पुठ्ठा लावलेला कागद, आणि अर्धा दिवस. उजवी बाजू डावीसारखी नव्हती. मुळीच नव्हती. उजव्या टोकाला खडकात मातीसारख्या भुसभुशीत दगडाची एक उभी शीर आहे. कोरणाऱ्याला ती लागली आणि त्याला दीड हात आधीच थांबावं लागलं. मग त्याने काय केलं? रडत बसला नाही. खांबांमधली अंतरं थोडी थोडी कमी केली, इतकी बेतानं की दहा पावलांवरून कळू नये. हंस मात्र त्याने बाहेरच्या टोकाकडून सुरू केले, सवयीने नेहमीच्या मापाचे, आणि सहाव्या-सातव्याला त्याच्या लक्षात आलं असणार की अकरा काही बसत नाहीत. तिथून पुढचे हंस बारीक होत जातात, अंग चोरून बसलेल्या माणसांसारखे. आणि दरवाज्याजवळ पोचल्यावर अकराव्याच्या चोचीला जागाच उरली नाही. तर त्या गड्याने अकराव्या हंसाची मान मागे वळवली. सगळे दरवाज्याकडे बघतायत आणि हा एकटा मागे वळून बाकीच्या दहांना बघतोय, काय रे, आलात का सगळे, असं. मी राखणदाराने आणून दिलेल्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी होते आणि मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. दोन हजारांहून जास्त वर्षं झाली, आणि त्याची ती फजिती आणि तिच्यातून काढलेली ती वाट, दोन्ही अगदी काल झाल्यासारखी समोर. मी त्याच्या मानेवर बोट फिरवलं. छिन्नीचे घाव डावीकडच्यासारखेच, तिरपे, दाट. तिसऱ्या खांबाच्या पायथ्याशी वाकून पाहिलं. टवका नव्हता. दगड धड होता.

परतताना बसमध्ये मी बाबांशी भांडत होते. तुम्हाला दिसत नव्हतं, भिंत आड होती, मान्य. मग अर्धंच का नाही छापलंत? 'उर्वरित भाग दिसत नाही' अशी एक ओळ लिहायला काय झालं होतं? संचालकांनी सांगितलं असणार, सोमवारी अहवाल जायचाय, दोन्हीकडे सारखंच असणार, करा पुरं. असणारच. साहेबाने सांगितलं आणि ओळंबा वाकला. वाकला तर वाकला, माणूस होता, घरात दोन पोरं होती. पण मग मला काय सांगत होतात जन्मभर, की रेघ खरी पाहिजे? शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली तेव्हा कळलं की मी ओठ हलवतेय.

दादाला फोन केला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, दुसऱ्या शहरात असतो, ती चौकट आता त्याच्या दिवाणखान्यात आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तू काय लिहिणार? बाबांनी खोटं काढलं?"

"अर्धं."

"अर्धं खोटं म्हणजे काय गं? खोटंच ना?"

"दादा, आहे ते आहे. मी मोजून आलेय."

"मोजलंस ना? मग ठेव स्वतःजवळ! आयुष्यभर त्यांना कुणी नाव दिलं नाही, आणि आता पहिल्यांदा त्यांचं नाव कुठे छापून येणार ते तू चूक दाखवून? शाबास. पोरगी असावी तर अशी." फोन वहिनीने घेतला असावा, कारण ती म्हणाली, "वन्सं, जरा शांतपणे घ्या हं, ह्यांचं बीपी वाढतं." मी म्हटलं, "माझंही वाढतं, वहिनी, मी काय दगडाची आहे का?" आणि ठेवला. मग दगडाची ह्या शब्दावर स्वतःच हसले, एकटीच, मोठ्यांदा.

आता सरांबद्दल. पोरं त्यांना समतोल म्हणतात. दर तासाला एकदा तरी हात तराजूसारखे धरून ते म्हणतात, "समतोल! ह्या लोकांचा सगळा विचार समतोलाचा होता. इकडे जीवन, इकडे मृत्यू. इकडे अकरा, इकडे अकरा." चांगलं शिकवतात, खोटं कशाला बोलू. मला हे सगळं ज्यांच्यामुळे आवडायला लागलं त्यात त्यांचा वाटा आहे. खांब नुसता खांब नसतो, त्याच्याकडे माणूस कुठून चालत येणार हे आधी ठरतं आणि मग खांब उभा राहतो, हे त्यांनी मला शिकवलं. पण त्यांचं पुस्तक त्या एका चित्रावर उभं आहे, आणि गुडघ्यांमुळे वीस वर्षांत ते त्या डोंगरावर गेलेले नाहीत. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण मी नव्याने लिहिलं, मोजमापं जोडली, फोटो जोडले, अकराव्या हंसाचं मोठं चित्र स्वतः शाईने काढून जोडलं, आणि त्यांच्याकडे दिलं. आठ दिवस काही उत्तर नाही. नवव्या दिवशी, म्हणजे प्रबंध जमा करायच्या शेवटच्या दिवशी, सकाळी बोलावणं आलं.

त्यांच्या खोलीत खुर्चीच्या मागे तेच चित्र आहे, दोन हात रुंद, काचेत. खाली संचालकांचं नाव. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. चहा मागवला म्हणजे वाईट बातमी, एवढं दोन वर्षांत कळलंय. माझं चौथं प्रकरण त्यांच्यासमोर होतं आणि पहिल्या पानावर लाल शाईने एक शब्द खोडलेला होता. मी लिहिलं होतं 'गिरवलेली'. 'उजवी बाजू डावीवरून गिरवलेली आहे.' त्यांनी त्याच्या वर लिहिलं होतं, 'पुनर्रचित'.

"ताई," ते म्हणाले, "काम उत्तम आहे. पण निष्कर्ष घाईचा आहे. उजवी बाजू मूळची नसावी. मागाहून केलेलं काम आहे ते. मूळ रचना समतोलच होती, आणि त्या चित्रात ती मूळ रचना दाखवली आहे, असं म्हणू या."

"सर, खडकात कोरलंय ते, बांधलेलं नाही. खडकाला मागाहून खडक चिकटवत नाहीत."

"पुन्हा कोरता येतो."

"पुन्हा कोरलं तर दगड कमी होतो. हंस आत गेले असते. ते डावीकडच्यांइतकेच पुढे आलेत, बोटाच्या पेराइतकासुद्धा फरक नाही. मी बावीसच्या बावीस मोजलेत."

माणूस हुशार आहे, त्यांना कळत होतं. ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि आवाज खाली आणला. पुस्तकाची सहावी आवृत्ती निघतेय. चित्राखालचं नाव बदलता येईल. त्यांनी जुन्या नोंदी काढून पाहिल्या होत्या, चित्र माझ्या वडिलांचंच हे त्यांना मान्य होतं. "तुमच्या वडिलांचं पूर्ण नाव, चित्राखाली, पहिल्यांदा. प्रस्तावनेत एक परिच्छेद. मी स्वतः लिहीन. तुम्ही फक्त चौथं प्रकरण काढा. तीन प्रकरणांवर पदवी मिळते, मी आत्ता सही करतो." त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

मी खोटं सांगणार नाही, मला ते हवं होतं. आई डोळ्यांसमोर आली, पाहुण्याच्या पुढे उभी, "हे ह्यांनी काढलंय" म्हणणारी, आणि पाहुणा खाली वाकून नाव वाचतोय आणि ते बाबांचंच आहे. आई गेली, पाहुणे गेले, बाबा तर केव्हाच गेले, पण त्या क्षणी मला वाटलं की ह्या एका छापील ओळीने ते सगळं मागे जाऊन दुरुस्त होईल. दादा ती आवृत्ती दहा जणांना वाटेल. त्याच्या बीपीला बरं वाटेल. आणि तो अकरावा हंस? तो काय, तिथेच आहे, दोन हजार वर्षं मान वळवून बसलाय, आणखी थोडा बसेल. उद्या दुसरं कुणीतरी शिडी लावेल. हे प्रकरण माझं एकटीचं थोडंच आहे. मी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

सरांना वाटलं मी वडिलांमुळे अडलेय. त्यांनी समजूत घालायला घेतली, आणि खरोखर मायेने घेतली, हेच तर मजेचं आहे. "आणि ताई, विचार करा. तुम्हीच लिहिलंय, ते किती काटेकोर होते. असा माणूस गिरवताना टवका विसरेल? चोरी लपवायची असती तर पहिल्यांदा तो टवका पुसला असता. तो ठेवलाय, ह्याचाच अर्थ, भिंतीच्या फटीतून का होईना, त्यांनी तो तिथे पाहिला. ते चूक करणारे नव्हतेच."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या मागे काचेत ते दोन टवके होते, डावा आणि उजवा, एक माझ्या सरांच्या एका खांद्यावर आणि एक दुसऱ्यावर. पहिल्यांदा त्यांचा 'पुसला असता' हा शब्द ऐकू आला, मग माझ्या सत्ताविसाव्या वर्षातला बाबांचा आवाज. नोकरी लागून महिना झाला होता. मी एका पंपघराच्या नकाशाला आरसा मारला आणि डावीकडे कठड्याची एक सळई तुटलेली होती ती उजवीकडेही तुटून आली, आणि सगळं नकाशाघर माझ्यावर हसलं. घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, आरसा मारायचा तर आधी मोडतोड पुसायची, मग गिरवायचं. नाही पुसली तर लोकांना कळतं." मी तो धडा म्हणून एकतीस वर्षं पाळला. आधी पुसायची, मग गिरवायचं. आणि तो सांगताना त्यांनी मान खाली घातली होती, हे मला तेव्हा दिसलंच नाही. त्यांना नियम ठाऊक होता. त्यांना तो सगळ्यांत जास्त ठाऊक होता. आणि खिडकीतला तो रविवार, माझ्या हातातलं ब्लेड, कागदावरचा तो शाईचा डाग, आणि माझं मनगट धरलेला त्यांचा हात. हात लावू नकोस. राहू दे तो. डाग नव्हता तो. तो टवका होता, उजवीकडचा. साहेबापुढे त्यांना नाही म्हणता आलं नाही, पण नाही पुसला तर लोकांना कळतं हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि म्हणून त्यांनी तो पुसला नाही, आणि मलाही पुसू दिला नाही. मग ते बसले, लोकांना कळायची वाट बघत, पाठ न टेकवता. पाहुणे येत राहिले आणि हो का म्हणत राहिले. पन्नास वर्षं. प्राध्यापक, संचालक, परीक्षक, पाच आवृत्त्या. कुणालाही कळलं नाही.

"सर," मी म्हटलं. "ते विसरले नाहीत. त्यांनी तो मुद्दाम ठेवलाय. ते सांगत होते, की ही बाजू मी पाहिलेली नाही. तुम्ही तीस वर्षं त्याच्याकडे पाठ करून बसलात."

सरांनी मागे वळून चित्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डावा टवका, उजवा टवका. त्यांचे हात एकदा तराजूसारखे वर आले आणि मांडीवर खाली गेले. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून मी काही मागे घेणार नव्हते.

"नाव घाला," मी म्हटलं, "जरूर घाला, त्यांचा हक्क आहे तो. पण नावाखाली लिहा, उजवी बाजू गिरवलेली. पुनर्रचित नाही. गिरवलेली. दोन्ही छापा नाहीतर काहीच छापू नका."

"मग मी ह्यावर सही करू शकत नाही, ताई," ते म्हणाले. चित्राकडे बघतच म्हणाले.

"नका करू," मी म्हटलं, आणि चारही प्रकरणं उचलून बाहेर आले. चहा तसाच राहिला. जिन्यात कठडा धरून मी दादाला फोन लावला आणि एका दमात सांगितलं, ब्लेड, मनगट, टवका, सगळं. मागे कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग त्याच्या चालण्याचा. तो चौकटीपाशी गेला होता. "आहे गं," तो म्हणाला. "दोन्हीकडे आहे. मी रोज धूळ पुसतो ह्याच्यावरची." आणि मग माझा सहासष्ट वर्षांचा भाऊ फोनवर रडायला लागला. मी म्हटलं, "दादा, बीपी." तो म्हणाला, "खड्ड्यात गेलं बीपी. जमा कर."

जमा करायच्या खिडकीवर कारकून बाई होत्या, चष्मा साखळीला, बोटाला रबरी टोपी. त्यांनी भराभर पानं उलटली, चित्रं मोजली, अकराव्या हंसापाशी एक क्षण थांबून "अय्या, हा मागे काय बघतोय?" म्हणाल्या, आणि मग प्रमाणपत्राच्या पानावर आल्या. उजवीकडे विद्यार्थ्याची सही, माझी, शाईची. डावीकडे मार्गदर्शकाची, कोरी.

"मॅडम, ही बाजू रिकामी आहे."

"माहितीये."

"असं चालत नाही. दोन्हीकडे लागते. समितीपुढे जाईल, परत येईल, पदवी अडकेल. आणा ना जाऊन, सर वरच आहेत." मग आजूबाजूला पाहून, हळूच, ह्या खिडकीवर रोज होत असणार तसं, "नाहीतर कुणाकडून तरी गिरवून घ्या की. कोण बघतंय?"

"बघतात हो," मी म्हटलं. "पन्नास वर्षं लागतात, पण बघतात. मारा शिक्का."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.